‘एकसर’ आणि ‘समांतर’ : दोन संज्ञांचे परीक्षण

विद्युत्-परिपथातील जोडणीच्या दोन प्रकारांना आपल्या शालेय पाठ्यपुस्तकांत ‘एकसर जोडणी’ व ‘समांतर जोडणी’ या संज्ञा रूढ झाल्या आहेत. दोन्ही जोडीने शिकविल्या जात असल्या, तरी संज्ञा म्हणून त्यांची योग्यता सारखी नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘एकसर’ निःसंशय सरस. मोत्यांचा सर, एकसरी, पंचसरी हे शब्द ज्याच्या कानांवरून गेले आहेत, त्याला या संज्ञेचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. एका दोऱ्यात ओवलेल्या मण्यांप्रमाणे येथे रोध एकापुढे एक येतात, सर्वांतून एकच धारा वाहते, आणि सर तुटला की सारेच ओघळते. इंग्रजी ‘सिरीज’ ज्या लॅटिन धातूपासून आला, त्याचाही अर्थ ओवणे, जोडणे असाच आहे. हिंदीतील ‘श्रेणी’ आपण घेतला असता, तर दर्जाचा अर्थ विनाकारण आड आला असता.

‘समांतर’विषयी असे म्हणता येत नाही. भूमितीतील समांतर रेषा कितीही वाढविल्या तरी एकमेकींस मिळत नाहीत. येथे मात्र सर्व शाखा दोन बिंदूंपाशी मिळतात. किंबहुना त्या मिळतात म्हणूनच जोडणी सिद्ध होते. मूळ ग्रीक शब्द केवळ ‘एकमेकांशेजारी’ एवढेच सुचवितो. समान अंतराची अट त्यात नाही. भूमितीसाठी घडविलेला प्रतिशब्द विद्युत्-शास्त्रात जसाच्या तसा आला, आणि त्याबरोबर भूमितीचे चित्रही आले. चौकोनी परिपथाच्या वरच्या बाजूस एक दिवा व खालच्या बाजूस दुसरा काढून पाहावा. दोन्ही बाजू समांतर दिसतात, म्हणून पुष्कळ विद्यार्थी ही जोडणीही समांतर ठरवितात. वस्तुतः ती एकसर आहे. हा दोष विद्यार्थ्याच्या बुद्धीचा म्हणण्यापेक्षा संज्ञेचा म्हणावा.

तथापि संज्ञा बदलावी, असे मी म्हणणार नाही. ‘अंतर’ या शब्दाचा दुसरा अर्थ फरक असा आहे. हिंदी गणितात ‘समांतर श्रेढी’ म्हणजे जिच्यातील लगतच्या पदांचा फरक सारखा असतो ती. हाच अर्थ ‘विभवांतर’ या शब्दात आहे. आणि या जोडणीत प्रत्येक शाखेच्या टोकांमधील विभवांतरच सम असते! संज्ञाकारांना हे अभिप्रेत होते असे नव्हे, परंतु शिक्षकाने या योगायोगाचा लाभ अवश्य घ्यावा.

एक उदाहरण घेऊ. 230 व्होल्टसाठी बनविलेले 60 व 100 वॅटचे जुन्या पद्धतीचे, तंतूचे दिवे समांतर जोडले, तर 100 वॅटचा अधिक प्रकाशतो. तेच एकसर जोडले की 60 वॅटचा अधिक तेजस्वी दिसतो. कारण त्याचा रोध अधिक आणि धारा दोघांतून एकच. केवळ ‘माळेतला एक दिवा गेला की सारे जातात’ हे पाठ केलेल्याला हा उलटा क्रम उमगत नाही. पाठ्यपुस्तके मात्र बहुधा त्या वाक्यापाशीच थांबतात. (आजच्या एलईडीच्या माळांत तर पुष्कळदा दोन्ही जोडण्या मिसळलेल्या असतात.)

‘घरातील जोडणी समांतर असते’ हे विधानही अर्धेच खरे. दिवे व पंखे परस्परांशी समांतर असतात, हे ठीक. एडिसनने 1882 साली न्यू यॉर्कमधील पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीज दिली तीही याच पद्धतीने. पण दिव्याचे बटण त्या दिव्याशी एकसर असते, आणि वितळतार साऱ्या घराशी एकसर असते. तसे नसते, तर बटण दाबून दिवा विझला नसता आणि वितळतार वितळूनही धारा थांबली नसती. ‘समांतर’ हे विशेषण घराला नव्हे, दोन घटकांमधील संबंधाला लागते. व्याख्येत ‘कोणाशी’ हा शब्द घातल्यावाचून ती पुरी होत नाही.