वैकुंठ, मोक्ष आणि शाश्वत जीवन

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एका ऊसतोड कामगाराच्या दफनविधीत मी ‘शाश्वत जीवन’ हे शब्द नेहमीप्रमाणे उच्चारले. माती लोटून झाल्यावर त्याची विधवा जवळ आली आणि म्हणाली, “फादर, तितं त्येंला मी वळखू येईन का?” सेमिनरीत शिकलेली उत्तरे आठवली, पण त्या बाईला सांगण्याजोगे त्यांत एकही नव्हते. त्या रात्री फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा उघडले.

१५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेज्वीटाने साष्टीच्या नवख्रिस्ती लोकांसाठी हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. तो १६१६ मध्ये छापला गेला. त्यातील मराठीचे कौतुक आपण इतके करतो की आशयाची चिकित्सा मागेच पडते. स्टीफन्स स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणतात, तारणासाठी ‘मोक्ष’ आणि ‘मुक्ती’ हे शब्द योजतात. ज्यांची जुनी पुराणे हिरावली गेली होती, त्यांना त्यांच्याच ओळखीच्या शब्दांनी जवळ करणे यात मोठे शहाणपण होते. तथापि शब्द रिकाम्या हातांनी येत नसतात.

आमच्या बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईचे दासोपंत (१५५१–१६१५) हे स्टीफन्सांचे समकालीन. त्यांनी सुमारे चाळीस फूट लांबीच्या पासोडीवर ‘पंचीकरण’ लिहिले. देहाची पाच महाभूतांत फोड करून आत्मतत्त्व निराळे ओळखावयाचे, ही त्या विचाराची दिशा. वस्त्रावर मांडलेल्या त्या विवेचनाची शिस्त पाहून मन नम्र होते. मात्र ‘मोक्ष’ या शब्दामागे ही सारी परंपरा उभी आहे. तेथे देह मागे ठेवावयाचा असतो. आमच्या श्रद्धासूत्रात तोच देह पुन्हा उठतो. ‘वैकुंठ’ तर स्थळवाचकच! उलट योहानाच्या सतराव्या अध्यायात देवाला व त्याने पाठविलेल्याला ओळखणे हेच शाश्वत जीवन म्हटले आहे. ते स्थळ नव्हे, नाते आहे.

स्टीफन्सांचे शब्द जेथे तोकडे पडतात तेथे त्यांची कथा त्यांना सावरते, असे मला वाटते. त्यांचे दुसरे पुराण येशूच्या जन्मापासून उत्थानापर्यंत जाते, आणि जखमांचे व्रण घेऊन उठलेला देह कोणत्याही परिभाषेत विरघळत नाही. ग्रंथातील प्रश्नोत्तरे मात्र पुष्कळदा धर्मशिक्षणाच्या तासासारखी वाटतात. देवाच्या प्रीतीपेक्षा त्याचे ऐश्वर्य अधिक बोलते. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ च्या ‘स्पे साल्वी’ या परिपत्रात मान्य केले आहे की, न संपणारे आयुष्य ही कल्पना माणसाला भयावहही वाटू शकते. त्यांनी त्याऐवजी अथांग प्रीतीत बुडून जाण्याचा विचार मांडला. विचार थोर आहे, पण सागरात बुडालेल्याला कोणी ओळखावे? बाईचा प्रश्न तेथेही उरतोच.

ऑक्टोबरात कारखान्याची टोळी निघण्यापूर्वी ती निरोप घ्यायला आली. मी तिला मग्दालिया मरियेची गोष्ट सांगितली: रिकाम्या कबरीपाशी तिने प्रभूला माळी समजले, त्याने नावाने हाक मारली, तेव्हा कोठे तिला ओळख पटली.

ती जराशी हसली. “त्येंनी कदी माजं नाव घेतलं न्हाई, फादर,” म्हणाली.