रॉकेट सिंग : प्रामाणिकपणा परवडतो तेव्हा

भारतीय कॉर्पोरेट जगासाठी २००९ हे वर्ष विचित्र होतं. ७ जानेवारीला सत्यम कम्प्युटर्सच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं, की ताळेबंदात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटींची रोख आणि बँकेतली शिल्लक मुळात नाहीच. त्याआधी काहीच महिने याच कंपनीला कॉर्पोरेट गव्हर्नन्ससाठी गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. वर्षाच्या शेवटी, डिसेंबरात, केंद्र सरकारने सीएसआरची ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. आणि त्याच डिसेंबरच्या ११ तारखेला ‘रॉकेट सिंग : सेल्समन ऑफ द इयर’ प्रदर्शित झाला. पत्र आणि मार्गदर्शक तत्त्वं आपण विसरलो. सिनेमा मात्र, तेव्हा तिकीटबारीवर फारसा न चालूनही, दरवर्षी नवी नोकरी लागलेली पोरं एकमेकांना सुचवतात.

तो टिकला याचं मोठं श्रेय जयदीप साहनींच्या लेखनाला जातं. साहनी स्वतः कम्प्युटर इंजिनिअर, आणि ते कळतं. दिग्दर्शक शिमित अमीन यांनी ऑफिस हे निव्वळ नेपथ्य म्हणून वापरलेलं नाही. टार्गेटचा धाक, सीनिअरची खोचक थट्टा, सर्व्हिसला सेल्सपेक्षा खालचं मानणं, चहावाल्याने सगळं ऐकणं पण त्याला कोणी काही न विचारणं, हे सगळं इथे खरं वाटतं. जेमतेम मार्कांनी बी.कॉम. झालेला हरप्रीत (रणबीर कपूर) ‘एवायएस’ या कम्प्युटर विकणाऱ्या कंपनीत लागतो. एका क्लायंटकडचा माणूस लाच मागतो, हा त्याची लेखी तक्रार करतो, आणि बक्षीस म्हणून भर ऑफिसात त्याच्यावर कागदी रॉकेट्स फेकली जातात. मग हरप्रीत त्याच ऑफिसात बसून, त्याच कंपनीच्या पोटात, स्वतःची कंपनी काढतो. सर्व्हिस इंजिनिअर, रिसेप्शनिस्ट, चहावाला छोटेलाल आणि पुढे खुद्द त्याचा बॉस नितीन हे त्याचे भागीदार होतात. नोकर कोणीच नसतो.

सिनेमाची सगळ्यात अवघड जागा इथेच आहे. लाच नाकारणारा हा मुलगा पगार एवायएसचा घेतो, फोन एवायएसचा वापरतो, वेळही एवायएसचीच खातो. आपल्यापैकी कोणीही हे केलं तर ऑफर लेटरच्या तिसऱ्या पानावरचं कलम दाखवून एचआर घरी पाठवेल, आणि चूक एचआरची नसेल. साहनींनी यावर काढलेला तोडगा म्हणजे हिशोबाची वही. कंपनीचं जे जे वापरलं ते हरप्रीत लिहून ठेवतो. सगळं एक दिवस परत करायचं आहे.

वही गोड आहे, पण प्रश्न सुटत नाही. आधी घ्यायचं, नंतर भरपाई करायची, आणि भरपाई केली की घेतलेलं आपोआप शुद्ध होतं, हा हिशोब आपल्या ओळखीचा आहे. सीएसआर याच हिशोबावर उभा आहे. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक जरी असलं तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करावी लागते. १ एप्रिल २०१४पासून हे लागू आहे. त्यातून शाळा उभ्या राहिल्या, टॉयलेट्स झाली, तलावांतला गाळ निघाला. त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही. पण टक्का मोजला जातो नफ्यावर. तो नफा कसा आला, याची नोंद या हिशोबात कुठेच नसते. उलट, कंपनीच्या नेहमीच्या व्यवसायातलं काम सीएसआर म्हणून धरायचं नाही, असं नियमच सांगतात. पैशांची अफरातफर होऊ नये म्हणून हे ठीकच आहे. मात्र कामाच्या टेबलावरची नीती आणि शनिवारी टी-शर्ट घालून झाडं लावण्याची नीती यांच्यामध्ये त्यामुळे एक भिंत उभी राहते. हरप्रीतची वही त्यापेक्षा निदान एका बाबतीत सरस आहे : कोणाचं काय घेतलं, हे तरी तिच्यात लिहिलेलं आहे.

माझी खरी तक्रार शेवटाबद्दल आहे. सगळं उघड झाल्यावर एवायएसचा मालक पुरी (मनीष चौधरी) रॉकेट सेल्स फुकटात गिळतो. पण दिलेला शब्द पाळणं त्याला जमत नाही. ग्राहक वैतागतात आणि शेवटी तो कंपनी हरप्रीतला परत करतो. प्रामाणिकपणा जिंकतो, कारण तो चांगला धंदा ठरतो. थिएटरात हे बघून छाती फुगते. घरी आल्यावर जाणवतं, की प्रत्येक कंपनीच्या ब्रोशरमध्ये हेच लिहिलेलं असतं : नीतीने वागा, ब्रँड वाढतो, ग्राहक टिकतो. मग ज्या दिवशी ब्रँड वाढणार नसेल, त्या दिवशी काय?

फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमध्ये एक सॉफ्टवेअर होतं. प्रदूषण चाचणी चालू आहे हे ते ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर आटोक्यात ठेवायचं. रस्त्यावर तीच गाडी नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या ४० पटींपर्यंत सोडायची. सप्टेंबर २०१५मध्ये हे जाहीर झालं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न होता. गंमत म्हणजे त्याच महिन्यात डाऊ जोन्सच्या सस्टेनेबिलिटी निर्देशांकाने या कंपनीला वाहन उद्योगात अव्वल ठरवलं होतं. इथे ग्राहक वैतागले नव्हते. गाडी झकास पळत होती, मायलेज चांगलं होतं. बाजाराच्या भरवशावर ही लबाडी कधीच पकडली गेली नसती. त्यासाठी गाडीत यंत्र बसवून रस्त्यावर मोजमाप करणारे संशोधक लागले. तो कोड मात्र कोणीतरी लिहिला होता, कोणीतरी रिव्ह्यू केला होता. जेम्स लियांग या इंजिनिअरला पुढे अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली.

आमच्या धंद्यात नीतीचे प्रश्न सहसा लाचेच्या पाकिटातून येत नाहीत. ते तिकीट बनून येतात : ‘रद्द करा’ बटण फिकट करा, संमतीच्या चौकटीत आधीच टिक टाका. ग्राहकाला कळत नाही, नफा वाढतो, कोणी रॉकेट फेकत नाही. हरप्रीतच्या गोष्टीतला बाजार इथे मदतीला येत नाही.

म्हणून मला या सिनेमातला विजय कमी पटतो आणि सुरुवातीची ती तक्रार जास्त. तेव्हा हरप्रीतकडे स्वतःची कंपनी नाही, भागीदार नाहीत, वहीसुद्धा नाही. तक्रार करून एक ऑर्डर मिळेल अशी शक्यता नाही. नोकरी जायची शक्यता भरपूर. तरी तो लिहितो, कारण समोरच्याने मागितलं ते चूक होतं. साहनींनी पुढचे दोन तास या कृतीला नफ्यात बदलून दाखवण्यात घालवले. पण तिला नफ्याची गरज नव्हती. पुढच्या वेळी कोणी पोरगा नोकरीला लागताना हा सिनेमा सुचवाल, तेव्हा शेवट कसा आहे हे बिनधास्त सांगून टाका. फक्त तो तक्रारीचा प्रसंग नीट बघ म्हणावं.