मर्यादेचे तंत्र : कार्तिये-ब्रेसाँ यांच्या एका निबंधाविषयी

फ्रेंच छायाचित्रकार आन्री कार्तिये-ब्रेसाँ (१९०८-२००४) यांचा १९५२ साली प्रसिद्ध झालेला चित्रसंग्रह सुमारे साठ वर्षे केवळ संग्राहकांच्या कपाटात होता. २०१४ मध्ये जर्मनीतील श्टाइडल या प्रकाशनसंस्थेने त्याची मूळाबरहुकूम आवृत्ती काढली आणि तो आमच्यासारख्या सामान्य वाचकांच्या हाती आला. मातिस यांचे मुखपृष्ठ, १२६ छायाचित्रे आणि आरंभी खुद्द छायाचित्रकाराचा एक निबंध, असे त्याचे स्वरूप आहे. चित्रांविषयी आजवर उदंड लिहिले गेले. निबंधाचा मात्र एकच शब्दप्रयोग, ‘निर्णायक क्षण’, लोकांच्या तोंडी उरला. आम्हाला येथे लिहायचे आहे ते या निबंधातील कॅमेरा, भिंग आणि चित्र टिपण्याची रीत यांविषयीच्या मतांबद्दल. कारण ती मते वरवर तंत्राची वाटली तरी वस्तुतः वेगळ्याच गोष्टीची आहेत, असे आमचे मत झाले आहे.

प्रथम शीर्षकाचा घोळ निस्तरला पाहिजे. ‘निर्णायक क्षण’ हे नाव अमेरिकन आवृत्तीचे. निबंधाच्या माथ्यावर सतराव्या शतकातील कार्दिनाल द रेत्स यांचे एक वचन आहे, त्यातून ते उचलले गेले. मूळ फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’ असे आहे. परवान्याशिवाय रस्त्यावर पथारी मांडून बसणारा आणि पोलीस दिसताच गाशा गुंडाळणारा जो विक्रेता, त्याच्या व्यवहाराला फ्रेंचमध्ये ‘आ ला सोव्हेत’ म्हणतात. म्हणजे घाईघाईने, चोरपावलांनी टिपलेली चित्रे. एका नावात शिकाऱ्याचा विजय आहे, तर दुसऱ्यात पथारीवाल्याची धाकधूक. जगाने पहिले नाव स्वीकारले आणि निबंध त्याच चष्म्यातून वाचला. आम्ही दुसऱ्या नावाच्या बाजूचे आहोत.

निबंधात कॅमेऱ्याचा इतिहास थोडक्यात येतो. आधी लहानपणचा ब्राउनी, पुढे एक मोठा कॅमेरा आणि मग लायका. पस्तीस मिलिमीटरच्या चित्रपट-फिल्मवर चालणारा हा छोटा जर्मन कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला होता. कार्तिये-ब्रेसाँ यांच्या हाती तो १९३२ च्या सुमारास पडला आणि पुन्हा सुटला नाही. १९४० मध्ये जर्मनांच्या कैदेत पडण्यापूर्वी त्यांनी तो व्होज प्रांतात जमिनीत पुरून ठेवला होता. तिसऱ्या प्रयत्नात सुटका झाल्यावर त्यांनी तो उकरून काढला. एवढी माया असलेल्या माणसाने निबंधात कॅमेऱ्याच्या गुणांचे पोवाडे गायले असतील, अशी अपेक्षा ठेवून जो वाचेल त्याची निराशा होईल. तंत्राचा भाग अगदी तुटपुंजा आहे. मोटार हाकणाऱ्याचा हात जसा आपोआप चालतो तसे तंत्र अंगवळणी पडावे, त्याचा देव्हारा माजवू नये आणि चित्र काटेकोरपणे रेखीव असण्याच्या हट्टाला तर हसून सोडावे, असा एकंदर सूर आहे. कॅमेऱ्याच्या चकाकत्या धातूवर ते काळी पट्टी चिकटवीत. लायका त्यांना प्रिय होता, तो बारीक रेघांसाठी नव्हे. तो मुठीत मावत असे, त्याचा आवाज जेमतेम होई आणि समोरच्या माणसाला त्याची जाणीव होत नसे, म्हणून.

भिंगाचेही तेच. जवळजवळ आयुष्यभर त्यांनी पन्नास मिलिमीटरच्या भिंगावर भिस्त ठेवली. हे भिंग दूरचे ओढून जवळ आणत नाही आणि जवळचे फुगवून दाखवीत नाही. माणूस मोठा हवा असेल तर आपणच चार पावले पुढे जायचे, आवार हवे असेल तर मागे सरायचे. त्यामुळे त्यांच्या चित्रांतील माणसे साधारणपणे बोलण्याच्या अंतरावर किंवा त्याहून थोडी दूर उभी असतात. आम्हाला यात वृत्तबद्ध कवितेची शिस्त दिसते. कवी एकदा शार्दूलविक्रीडित पत्करतो, मग शब्द त्यात बसेपर्यंत त्यालाच येरझारा घालाव्या लागतात.

आता फ्लॅशविषयी. जो उजेड आहे त्याचा मान राखावा आणि बाहेरून उजेड फेकून चित्र काढू नये, असे निबंधात बजावले आहे. हा नियम त्यांच्या हातून कसा पाळला गेला, याची साक्ष दिल्लीत आहे. ३० जानेवारी १९४८ च्या दुपारी ते बिर्ला हाउसमध्ये गांधीजींना भेटले आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९४७ मध्ये भरलेल्या आपल्या प्रदर्शनाची पुस्तिका त्यांनी गांधीजींना दाखविली. ते निघून गेले आणि थोड्याच वेळात गांधीजींचा खून झाला. परत येऊन त्यांनी जे टिपले त्यात फाटकाशी उभे राहून ही वार्ता सांगणारे पंडित नेहरू आहेत. चित्र धूसर आहे, हललेले आहे. एखाद्या स्टुडिओवाल्याने ते टाकून दिले असते. परंतु त्या संध्याकाळी दिल्लीत स्पष्ट असे काय होते? त्याच रात्री अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बोर्क-व्हाइट यांनी पार्थिव ठेवलेल्या खोलीत फ्लॅश उडविला आणि शोकाकुल मंडळींचा रोष ओढवून घेतला, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. बोर्क-व्हाइट थोर छायाचित्रकार होत्या आणि गांधीजींची चरख्याजवळची त्यांची प्रतिमा आपल्या सर्वांच्या मनात घर करून आहे. तरीही त्या रात्रीपुरते आम्ही धूसर चित्राच्या बाजूने उभे राहू.

येथे घरातली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. आमच्या आक्कांच्या सहस्रचंद्रदर्शनाला एक फोटोग्राफर बोलावला होता. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईंचे डोळे फ्लॅशच्या प्रत्येक लखलखाटाला मिटत. रोल धुऊन आला तेव्हा सगळ्या चित्रांत आक्का झोपलेल्या. एकदाच फ्लॅश लागला नव्हता. त्या चित्रात ओसरीकडून आलेल्या उजेडात त्या निरांजनाकडे पाहत आहेत. चित्र काळपट आहे आणि दाणेदार आहे. फोटोग्राफरने ते बिलातसुद्धा धरले नव्हते. आज भिंतीवर तेच आहे.

असे असूनही हा नियम कायदा म्हणून आम्हाला मान्य नाही. आमच्या बडोद्यातच अनेक वर्षे राहिलेल्या आणि १५ जानेवारी २०१२ रोजी येथेच निवर्तलेल्या होमाई व्यारावाला यांचे उदाहरण घ्यावे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाईबाई १९४२ पासून दिल्लीत वृत्तछायाचित्रणाचे काम करीत होत्या. स्पीड ग्राफिकसारखा अवजड कॅमेरा खांद्याला आणि बंद सभागृहातले काम, तेव्हा फ्लॅशवाचून गत्यंतर नव्हते. वृत्तपत्राला उद्या सकाळी चेहरा ओळखू येणारे चित्र हवे असते. पण समोरच्या व्यक्तीची अप्रतिष्ठा होईल असे चित्र काढायचे नाही, हा दंडक त्यांनी पाळला आणि व्यवसायातील ही अदब ढळू लागली तेव्हा १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. तेव्हा सभ्यता उपकरणात नसते, ती धरणाऱ्याच्या हातात असते. कार्तिये-ब्रेसाँ यांनी आपल्या स्वभावाचे नियम केले आणि त्यांच्या शिष्यांनी त्या नियमांचे शास्त्र केले.

चित्र नंतर कापू नये, या प्रसिद्ध आग्रहाविषयी तर बरेच बोलता येईल. डोळ्यासमोर जी चौकट जमली तीच खरी. डार्करूममध्ये कडा छाटून भूमिती उसनी आणता येत नाही. तत्त्व उत्तम. परंतु त्यांचे सर्वांत गाजलेले चित्र, पॅरिसच्या सां-लाझार स्थानकामागे पाण्याच्या डबक्यावरून उडी घेणारा माणूस (१९३२), हेच कापलेले आहे! कुंपणाच्या फळ्यांतील फटीतून भिंग रोखले होते आणि फळी चित्रात आली होती. ही कबुली त्यांनी स्वतःच दिली आहे, त्यामुळे लबाडीचा आरोप आम्ही करीत नाही. दुसरी गोष्ट अधिक विचारात घेण्याजोगी आहे. महायुद्धाच्या तोंडावर त्यांनी आपल्या जुन्या निगेटिव्हच्या पट्ट्या कातरल्या, निवडक चित्रे ठेवली आणि उरलेली टाकून दिली. म्हणजे त्या काळातील ‘क्षण’ कितव्या प्रयत्नाला गवसला, हे तपासण्याची सोय त्यांनीच फारशी ठेवली नाही. कवीने खोडलेल्या ओळी जाळाव्यात तसे हे आहे. त्याचा तो अधिकार आहे; मात्र मग कविता एका दमात उतरली, असे भक्तांनी सांगत सुटू नये.

रंगाच्या बाबतीत आम्ही निबंधकाराशी सरळ असहमत आहोत. १९५२ मध्ये रंगीत फिल्म मंद होती, हलत्या माणसावर ती कमी पडे आणि छपाईत रंग बिघडत. हे आक्षेप त्या काळी रास्त होते. पुढे फिल्म सुधारली, आक्षेपाचा मात्र तिरस्कार झाला. जयपूरचे रघुबीर सिंह यांनी १९६६ मध्ये कार्तिये-ब्रेसाँ यांना त्याच शहरात काम करताना जवळून पाहिले. चालणे, थांबणे, गर्दीत मिसळणे हे सारे त्यांनी घेतले आणि कृष्णधवल तेवढे नाकारले. भारतीय डोळा रंगातूनच पाहतो, अशी भूमिका त्यांनी ‘रिव्हर ऑफ कलर’ (१९९८) या पुस्तकात मांडली. गुरूची रीत घेऊन गुरूचे मत टाकणारा असा शिष्य विरळा.

शेवटी एका चित्रापाशी आम्ही अडखळतो. श्रीनगर, १९४८. हरिपर्वताच्या उतारावर काही मुस्लिम स्त्रिया आपल्याकडे पाठ करून उभ्या आहेत. एकीने दोन्ही हात पुढे पसरले आहेत, पलीकडे दरी आणि ढग आहेत. मागून घेतलेले असल्यामुळे त्यांची प्रार्थना भंगलेली नाही. कॅमेरा लहान नसता, भिंगाने अंतर राखले नसते, फ्लॅश उडाला असता, तर हे चित्र संभवलेच नसते. निबंधातील प्रत्येक मत येथे सार्थ झाले आहे. पण त्या स्त्रियांना ठाऊक होते का? गळ टाकण्यापूर्वी पाणी ढवळू नये, अशा अर्थाचा दृष्टान्त निबंधात आहे आणि त्याचे नेहमी कौतुक होते. माशाच्या बाजूने तो दृष्टान्त कोणी वाचलेला आमच्या पाहण्यात नाही. त्याच १९४८ साली बडोद्याच्या महाराजांच्या वाढदिवसाच्या सोहळ्यातही हा कॅमेरा हिंडून गेला. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, त्यामुळे ती चित्रे आज आमच्या लेखी अनमोल आहेत. तेव्हा चोरपावलांचा लाभ आम्हीही घेतलेलाच आहे.

माणसांचे चित्र टिपण्यात एक प्रकारचे आक्रमण असते, असे कार्तिये-ब्रेसाँ यांनी उत्तरायुष्यात बोलून दाखविले. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी कॅमेरा जवळपास बाजूला ठेवला आणि ते रेखाटने करू लागले. स्वतःचे छायाचित्र काढू देणे त्यांना कधीच रुचले नाही. कोणी कॅमेरा रोखला की ते तोंड फिरवीत, नाहीतर हातातला कागद चेहऱ्यासमोर धरीत.