‘एल’ म्हणजे किती किलो?

पुस्तकावर टीका आपण नेहमीच ऐकतो. आज आम्ही एका सरकारी यादीवर बोलणार आहोत. शेलूबाजारातली कितीतरी मुलं-मुली नोकरीचे अर्ज भरतात. त्यांच्यात जो दिव्यांग असेल, त्याचं भवितव्य कधी कधी या यादीच्या एका ओळीवर ठरतं. म्हणून ती नीट वाचायला हवी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. त्याचं कलम ३३ सांगतं की दिव्यांगांना कोणती पदं करता येतील, हे सरकारनं तज्ज्ञ समितीमार्फत ठरवावं. त्यानुसार केंद्रानं ४ जानेवारी २०२१ रोजी ३,५६६ पदांची यादी जाहीर केली. प्रत्येक पदापुढे त्याच्या शारीरिक गरजा इंग्रजी अक्षरांत दिल्यात. ‘एस’ म्हणजे बसणं, ‘एसटी’ उभं राहणं, ‘बीएन’ वाकणं, ‘एल’ उचलणं.

यादीचं मोल आम्ही नाकारत नाही. “तुला जमणार नाही” असं साहेबानं तोंडी सांगायचं आणि पोरानं मुकाट घरी जायचं, याला तिनं लेखी उत्तर दिलं. यादी परिपूर्ण नाही, विभागांनी तीत भर घालावी, हेही तिच्यातच म्हटलंय.

पण आमचा पहिला आक्षेप मापाचा. ‘एल’ म्हणजे काय उचलायचं? फाईल, की सोयाबीनचं पोतं? दिवसातून एकदा, की शंभरदा? अक्षर गप्प बसतं.

दुसरा आक्षेप मनाचा. याच कायद्याच्या कलम ३४ मध्ये ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, मानसिक आजार वगैरेंसाठी आहे. म्हणजे जागा मनाच्या अडचणीला दिली आणि कामाचं मोजमाप मुख्यतः हातपाय-डोळे-कानांचं केलं! कामाचा वेग, लोकांशी सतत पडणारी गाठ, मध्ये थांबायची मुभा, यांचा हिशेब कुठाय?

अमेरिकेचं कामगार सांख्यिकी खातं असं सर्वेक्षण करतं. किती वजन, किती वेळा, हे ते विचारतं. कामगाराला बसायचं की उभं राहायचं याची निवड आहे का, कामाचा वेग कोण ठरवतं, हेही विचारतं. तिथेही उत्तर मालकाकडूनच येतं, हा त्याचा दोष. पण प्रश्न बरोबर आहे. कारण एकदा निवड विचारली की माणसाला कामाजोगं करण्याऐवजी काम माणसाजोगं करता येईल का, हा विचार सुरू होतो. आपल्या कायद्यात ‘वाजवी सोयी’ची तरतूद आहेच; अक्षरांच्या रकान्यात मात्र ती दिसत नाही.

आणि ही झाली सरकारी पदं. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या बाईला किलोवर मजुरी मिळते. कापूस तोलला जातो, वाकणं कोण तोलतं? हमालाच्या पाठीचंही तेच.

कलम ३३ प्रमाणे या पदांचा आढावा ठरावीक काळानं, जास्तीत जास्त तीन वर्षांच्या अंतरानं व्हायला हवा. तेव्हा समितीपुढे तज्ज्ञांसोबत काम करणारा माणूसही बसवा, एवढीच आमची मागणी. ओझं किती, ते उचलणाऱ्यालाच विचारलं पाहिजे.