पत्रावळीच्या अलीकडचे नाथ



फाल्गुन वद्यात देहूची बीज येते, आणि चार दिवसांनी पैठणची नाथषष्ठी. या दिवसांत आमच्या वसमतकडच्या सप्ताहांतही नाथांचे चरित्र निघतेच. त्यातला हरिपंडितांचा प्रसंग आम्ही कीर्तनकार ज्या रीतीने सांगतो, तिच्याबद्दल माझी तक्रार आहे. चाळीस वर्षे मीही तसाच सांगितला, म्हणून हा दोष पहिल्यांदा माझ्या पदरी.

महिपतीबुवांनी भक्तलीलामृतात नाथचरित्र विस्ताराने गायिले. हरिपंडित नाथांचे पुत्र, शास्त्रात निपुण. वडिलांनी प्राकृतात पुराण सांगावे, कुणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना रुचेना. ते रुसून काशीस गेले. नाथ त्यांना आणायला गेले, तेव्हा मुलाने दोन अटी घातल्या : प्राकृत पुराण सांगायचे नाही, परान्न घ्यायचे नाही. नाथांनी दोन्ही मान्य केल्या. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेल्या बाईकडे एकटे नाथ जेवले, स्वयंपाक हरिपंडितांनी केला, आणि पत्रावळ उचलावी तो खाली दुसरी निघू लागली. पंडितांचा अभिमान गळाला.

आम्ही त्या पत्रावळींवर अर्धा तास रमतो. टाळ-मृदंग चढतो, आणि श्रोते घरी काय नेतात? बाप जिंकला, पोरगा हरला. अटींचे मात्र आम्ही एका वाक्यात उरकतो. खरे चरित्र तिथेच आहे. ज्यांनी शके 1495 मध्ये एकादश स्कंधावरची मराठी टीका पूर्ण केली, शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्यांनी मुलगा घरी यावा म्हणून आपल्या तोंडचे मराठी पुराण थांबवले. श्रोते कमी झाले, तेही सोसले. आपले मत त्यांनी बदलले नाही, फक्त हट्ट सोडला. पुढे पत्रावळी निघणार आहेत, हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. चमत्कार झाला नसता तरी मुलगा घरी आलेलाच होता.

बीजेचीही अशीच एक बाजू आहे. तुकोबांनी खतांची वाटणी करून धाकट्या कान्होबांचा वाटा त्यांना दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला. घर वाटले, पण भाऊपण वाटले गेले नाही. 1650 मध्ये तुकोबा गेले, तेव्हा कान्होबांनी देवाशी भांडून केलेला शोक गाथ्यात आहे. तो वाचताना माझा कंठ दाटतो, त्याला कारण आहे.

धुऱ्याच्या हातभर जमिनीवरून मी धाकट्या भावाशी अकरा वर्षे बोललो नाही. वारीत अनोळखी माउलीच्या पायावर डोके ठेवत होतो. भावाच्या दारावरून मान वळवून जात होतो. तो माझ्या कीर्तनाला येऊन मागे खांबाआड बसत असे, हे मला त्याच्या तेराव्याला भावजयीने सांगितले. हरिपंडितांचा प्रसंग त्याने माझ्या तोंडून किती वेळा ऐकला असेल! आपला भाऊ उतरून मागे येईल, असे त्याला वाटले असेल का? धुरा आजही तिथेच आहे.

तरुण कीर्तनकारांना विनंती, पत्रावळी थोड्या कमी उचला आणि काशीची वाट जास्त सांगा. आणि वाचकहो, षष्ठीला पैठणला निघण्याआधी ज्या घराशी बोलणे बंद आहे, तिथे पाणी पिऊन जा. चूक कुणाची, हे नंतर ठरवता येईल. माणूस नंतर भेटेलच असे नाही.