निनावी माता, निनावी वादक

कलावंताने स्वतः मागे राहावे आणि कृतीला पुढे करावे, ही रीत आपणांस अपरिचित नाही. आपल्या जुन्या चर्चमधील वेदीचे कोरीवकाम कोणत्या सुताराने केले हे सहसा कोणालाच ठाऊक नसते, आणि त्या वेदीपुढे गुडघे टेकताना आपले काही अडतही नाही. संगीताच्या आधुनिक बाजारात मात्र आधी चेहरा विकला जातो आणि मग गाणे. अशा बाजारात सुमारे दहा वर्षे चेहरा न दाखवता वावरलेल्या एका वादकजोडीविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे. तिचे संगीत यंत्रांवर निर्माण झालेले आहे. आपल्या घरांतून ते क्वचितच ऐकले जात असेल. परंतु त्यामागचा विषय आपल्या श्रद्धेला सरळ येऊन भिडणारा आहे.

अमेरिकेतील डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. तेथील जेम्स स्टिन्सन आणि जेराल्ड डोनाल्ड या दोन कृष्णवर्णीय तरुणांनी 'ड्रेक्सिया' या नावाने 1992 साली 'डीप सी ड्वेलर' ही पहिली ध्वनिमुद्रिका काढली. तबकड्यांवर वादकांची छायाचित्रे नसत, मुलाखती अगदी विरळ, आणि त्यांची खरी नावे त्या काळी फार थोड्यांना ठाऊक होती. पुढील मुद्रिकांतून ऐकणाऱ्यास मिळत गेले ते केवळ समुद्राचे संकेत. 1993 सालच्या 'बबल मेट्रोपोलिस'च्या एका बाजूस गोड्या पाण्याचे नाव, तर दुसरीस खाऱ्या पाण्याचे. तीत पाण्याखालच्या नगरीत शिरणाऱ्या यानाला वाहतुकीच्या सूचना देणारा एक आवाज ऐकू येतो. बाकी गायन जवळजवळ नाहीच. तालयंत्राचे कोरडे, वेगवान ठोके, खालून घुमणारा खर्ज आणि मधूनच बुडबुड्यांसारखे उसळणारे स्वर, एवढ्यावर हे संगीत उभे आहे.

या संकेतांचा उलगडा 1997 साली 'द क्वेस्ट' या संग्रहासोबतच्या मजकुरात झाला. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेल्या जाणाऱ्या गरोदर स्त्रियांना आजारी आणि त्रासदायक माल समजून समुद्रात फेकण्यात आले. त्यांच्या पोटची बाळे पाण्यातच जन्मली आणि पाण्यातच श्वास घेऊ लागली असतील काय? असा प्रश्न त्यात विचारलेला होता. त्या जलवासी लेकरांची वसाहत म्हणजे ड्रेक्सिया. मजकुराखाली सही होती 'अज्ञात लेखक' अशी.

कथा कल्पित असली तरी तिचा पाया कल्पित नाही. सुमारे 1 कोटी 25 लाख आफ्रिकी माणसे अटलांटिक पार करणाऱ्या जहाजांत कोंबली गेली आणि त्यांपैकी अंदाजे 18 लाख वाटेतच मरण पावली. 1781 साली 'झाँग' या इंग्रज जहाजाच्या खलाशांनी 130च्या आसपास जिवंत माणसे समुद्रात लोटली. पुढे मालकांनी त्यांची भरपाई विमा कंपनीकडे मागितली. हा व्यापार करणाऱ्यांत बाप्तिस्मा घेतलेली माणसे होती, ही गोष्ट आपणांस टाळता येणार नाही. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या काळात वसई-गोव्यातील आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांपर्यंत श्रद्धा आली, तिचीही जहाजे या व्यापारात आघाडीवर होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी फेब्रुवारी 1992 मध्ये सेनेगलमधील गोरे बेटावर जाऊन या पापाबद्दल क्षमायाचना केली. त्याच वर्षी डेट्रॉइटमधून 'डीप सी ड्वेलर' निघाली. दोहोंचा परस्परांशी काही संबंध नव्हता. तरीही आम्हांस या दोन गोष्टी एकत्र आठवतात.

या वादकांच्या अज्ञातवासाला काही जण प्रसिद्धीची युक्ती म्हणतील. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांची नावे जहाजाच्या वहीत केवळ आकड्यांनी लिहिली गेली, त्यांच्याविषयी बोलताना आपले नाव ठळक छापणे या दोघांना अवघड वाटले असावे, असा आमचा तर्क आहे. निदान ऐकणाऱ्यावर परिणाम तोच होतो. समोर कोणी नायक उभा नसल्याने मन थेट त्या पाण्याकडे जाते.

गुणदोषांचा विचार करता, 1995 सालच्या 'अॅक्वाटिक इन्व्हेजन'मधील आवेश आम्हांस खरा वाटतो. त्यात संताप आहे आणि तो लपवलेला नाही. 1999 सालच्या 'नेपच्यून्स लेअर'मध्ये त्याला कोमलतेची जोड मिळाली. त्यातील 'आंद्रेयन सँड ड्यून्स' ही रचना ऐकताना यंत्रातूनही हुरहुर उमटू शकते याची खात्री पटते. 2002 साली 'हार्नेस्ड द स्टॉर्म'मध्ये पुन्हा वादळ आले. परंतु त्याच वर्षीच्या 'ग्रावा 4'मध्ये या लोकांचे मूळ घर आकाशातील एका ताऱ्याजवळ असल्याचे सुचवले गेले, आणि येथे आमचा मतभेद आहे. लेकरे ताऱ्यावरून आली असतील, तर त्या बुडालेल्या मातांचे काय? कथेचा विस्तार झाला, पण तिच्यातील दुःख पातळ झाले. एकंदरीतच या संगीतात विजय पुष्कळ आहे, विलाप फार थोडा. गुड फ्रायडेवाचून ईस्टरला येता येत नाही, हे जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना ही उणीव जाणवल्यावाचून राहत नाही.

ती भरून काढण्यास स्टिन्सन यांना अवधी मिळाला नाही. 3 सप्टेंबर 2002 रोजी वयाच्या अवघ्या 32व्या वर्षी ते निवर्तले आणि ड्रेक्सिया थांबली. पुढे 2019 साली रिव्हर्स सॉलोमन यांनी याच कल्पनेवर 'द डीप' ही कादंबरी लिहिली. तीत जलवासी लोक आपला भयंकर भूतकाळ विसरून सुखाने राहतात आणि त्या सर्वांच्या वतीने एकच व्यक्ती ती आठवण वाहते, तिच्या भाराखाली चिरडत जाते. वादकांनी जो शोक सोडून दिला होता, तो लेखनाने असा परत आणला.

2 नोव्हेंबरला आपण आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्या मातांना कबर नाही, आणि त्यांच्या नावाने मेणबत्ती कोठे लावावी हेही कोणी सांगू शकत नाही. प्रकटीकरणाच्या पुस्तकात समुद्र आपल्या पोटातील मृतांना परत देतो, असे एक दृश्य आहे. पुढच्या वेळी ते वाचन मिस्सात कानी पडेल तेव्हा वाचकांनी या मातांचे क्षणभर स्मरण करावे. ड्रेक्सियाचे संगीत ऐकल्यापासून आम्ही तसे करीत आलो आहोत.