हंटिंग्टनच्या रोगाचे संशोधन : वंशावळीचे मोल

आनुवंशिक मज्जाविकारांच्या अभ्यासात नॅन्सी वेक्सलर यांच्या कार्याचा उल्लेख बहुधा एका जनुकाच्या शोधाच्या संदर्भात होतो. तो यथार्थ असला तरी अपुरा आहे. जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन वैद्याने १८७२ साली वर्णिलेला हा रोग बहुतेक वेळा ऐन मध्यम वयात प्रकट होतो आणि अनावर अंगविक्षेप, मनोविकार व बुद्धिभ्रंश या मार्गाने रोग्यास मृत्यूपर्यंत नेतो. आई किंवा वडील बाधित असल्यास प्रत्येक अपत्यास तो होण्याचा संभव निम्मा असतो.

१९८३ साली जेम्स गुसेला व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाचा निदर्शक चौथ्या गुणसूत्रावर दाखवून दिला. १९९३ साली संशोधकांच्या सहा गटांनी मिळून प्रत्यक्ष जनुक हस्तगत केले. वेक्सलर या मूळच्या मानसशास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतील ही कामे त्यांच्या हातची नव्हेत. त्यांचे खरे कर्तृत्व पाहावयाचे ते व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराच्या काठी.

तेथील रोगग्रस्त कुटुंबांकडे आमेरिको नेग्रेते या स्थानिक वैद्याने १९५० नंतरच्या दशकात लक्ष वेधले होते. वेक्सलर यांच्या पथकाने १९८१ पासून दोन दशके प्रतिवर्षी तेथे जाऊन रक्ताचे नमुने घेतले, रोग्यांची तपासणी केली आणि नातेसंबंधांची नोंद ठेवली. या खटाटोपाचे प्रयोजन शास्त्रीय होते. एखादा निदर्शक आणि रोग पिढ्यान्पिढ्या बरोबरच संक्रमित होतात की नाही, हे लहान कुटुंबात निश्चित करता येत नाही. योगायोगाचा संशय उरतोच. विस्तीर्ण वंशावळ तो संशय दूर करते. म्हणूनच ही वंशावळ प्रयोगशाळेला पुरविलेली केवळ सामग्री नव्हे, तर संशोधनाचे साधनच होय.

या विधानाची प्रचीती २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात येते. त्यात दहा पिढ्यांतील १८,१४९ व्यक्तींची नोंद आहे. सीएजी या त्रिवर्णाची पुनरावृत्ती जनुकात जितकी अधिक, तितका रोग लवकर, हे तोवर ज्ञात झाले होते. पुनरावृत्ती चाळीस वा त्याहून अधिक असता रोग जवळजवळ अटळ ठरतो. परंतु तो केव्हा उद्भवेल, हे त्या आकड्यावरून नेमके सांगता येत नाही, असे या निबंधाने दाखविले. उरलेल्या तफावतीपैकी सुमारे ४० टक्के इतर जनुकांमुळे व ६० टक्के परिस्थितीमुळे, असा त्याचा अंदाज. येथे मात्र सावधगिरी इष्ट आहे. ‘परिस्थिती’ हा या गणितातील शेषाचा शब्द आहे. त्यामागील एकही घटक निबंध निश्चित करीत नाही, आणि केवळ यदृच्छेने घडणारे पेशीगत बदलही त्या शेषात मिसळलेले असू शकतात. उलट इतर जनुकांविषयीचे अनुमान पुढे फलद्रूप झाले: २०१५ पासूनच्या व्यापक अभ्यासांत डीएनएच्या दुरुस्तीशी संबद्ध जनुके रोगारंभाचे वय पुढेमागे करतात, असे आढळले.

ज्या वंशावळीने जनुक सापडले, तिनेच त्या जनुकाच्या भविष्यकथनाला मर्यादा घातली. ही मर्यादा केवळ तात्त्विक नाही. रोगापूर्वीच निदान करणारी चाचणी १९८६ पासून उपलब्ध झाली; रोगाची गती रोखणारा सर्वमान्य उपचार मात्र जनुकाच्या शोधानंतर तीन दशके लोटली तरी सिद्ध झाला नाही. निरुपाय ज्ञान पदरी घ्यावे की नाही, हा निर्णय ज्याचा त्यानेच करावयाचा, या भूमिकेला वेक्सलर यांच्याकडून बळ मिळाले. त्यांच्या मातेचे निधन याच रोगाने झाले होते. स्वतःलाही तो जडल्याचे त्यांनी २०२० साली जाहीर केले.

तथापि या कार्याचे मूल्यमापन येथे संपत नाही. माराकाइबोच्या दरिद्री कुटुंबांनी रक्त दिले, आणि त्यातून निघालेली चाचणी जगभर पोहोचली. त्यांच्या शुश्रूषेसाठी १९९९ साली उघडलेले ‘कासा ओगार’ हे निवासस्थान २०१४ साली बंद पडले. वंशावळ हे संशोधनाचे साधन मानले, तर त्या वंशावळीतील माणसांचे ऋण हाही संशोधनाचाच भाग ठरतो. शास्त्रीय दृष्ट्या हे कार्य प्रथम श्रेणीचे आहे, यात संदेह नाही. त्या ऋणाची फेड मात्र अद्याप अपुरी आहे, आणि ती एकट्या वेक्सलर यांची नव्हे, तर त्या रक्तावर ज्ञान उभारणाऱ्या सर्वांची जबाबदारी आहे.